पुण्यापर्यंतचा जिना

हल्ली बाजारात बायका मला थांबवून विचारतात, "कुठली जिम लावलीत हो?" परवा औषधाच्या दुकानातली मुलगी काउंटरवरून वाकून मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "काकू, ओळखलंच नाही मी तुम्हाला." मी म्हणते, घरीच करते काहीतरी. पुढे विचारू नका असा सूर लावून म्हणते, पण लोणावळ्यातल्या लोकांना गिऱ्हाइकाचा सूर सोडून दुसरा सूर कळत नाही. एकीनं तर माझा दंड दाबून पाहिला, भाजीवालीकडे भोपळा दाबून बघतात तसा. मी हसले. घरी येऊन भांडी जरा आदळली.

शरीर चांगलं झालंय हे खरं आहे. जिना चढताना धाप लागत नाही, गुडघा दुखायचा थांबला, सगळ्या कमीजना दोन्ही बाजूंनी टाके घालावे लागले. पण हे मी माझ्यासाठी केलेलं नव्हतं. बाजारात उभं राहून एवढी गोष्ट सांगता येत नाही, म्हणून मी "घरीच" एवढं म्हणून पुढे जाते.

माझा पाठचा भाऊ कार्ल्याला राहायचा. डोंगराच्या पायथ्याशी रस्त्याकडेला त्याची टपरी होती, पावसाळ्यात भाजलेली कणसं आणि भजी, उन्हाळ्यात लिंबू सरबत. घरामागे भाताचं एक खाचर. कधीतरी अंगात मुरलेल्या काविळीनं त्याचं लिव्हर आतून पोखरलं होतं, आणि ते कळलं तेव्हा पोटात पाणी भरायला लागलं होतं. दारूला कधी न शिवलेला माणूस, पण लिव्हर म्हटलं की गावात लोक एकमेकांकडे बघायचे. "तुम्हा मुसलमानांत तर चालत नाही, तरीपण..." असं वाक्य एकानं माझ्यासमोर सुरू केलं होतं. मी ते त्याला पुरं करू दिलं नाही.

पुण्याच्या हॉस्पिटलात सांगितलं की नवं लिव्हर बसवावं लागेल, आणि घरातलं जिवंत माणूस आपल्यातला तुकडा देऊ शकतं. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं म्हणे. भाभीचा रक्तगट जमला नाही. पोरं लहान. आईवडील केव्हाच गेलेले. उरले मी, आणि माझा जमला. खरं सांगते, मला आनंद झाला. शाळेत कधी पहिला नंबर आला नाही, तो तेव्हा आल्यासारखा वाटला. माझ्या नवऱ्यानं कागदावर सही केली आणि कॅन्टीनमध्ये जाऊन बराच वेळ बसला.

मग त्यांनी मला मशीनमध्ये घातलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या लिव्हरवर चरबी आहे. असं घेता येणार नाही. तीन महिन्यांत वजन उतरवा, मग पुन्हा बघू."

"आणि नाही उतरलं तर?"

"दुसरं कोणी आहे का घरात?"

नव्हतं. माझी चरबी आधी उतरते की भावाचे दिवस आधी सरतात, एवढाच प्रश्न राहिला होता, आणि तो त्या बाईंनी अगदी गोड आवाजात विचारला होता.

चरबी कुठून आली हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमचं चिक्कीचं दुकान. पुढे काउंटर, मध्ये भट्टी, मागे राहायच्या दोन खोल्या आणि वर सामानाचा माळा. चिक्की कापताना जी मोडते ती विकता येत नाही. तो चुरा एका परातीत पडतो आणि येता-जाता सगळ्यांचे हात त्या परातीत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तो चुरा खात आले. पर्यटकांना अख्खी चिक्की, आम्हाला मोडकी, आणि शेवटी ती माझ्या भावाच्या वाटेत येऊन बसली.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं होतं, मी दिवसभर उभी असते, पाच वेळा नमाजाला वाकते, बसून खाणारी बाई नाही मी. त्या म्हणाल्या, उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे. घाम निघाला पाहिजे. जिम लावा.

जिम आहे, स्टेशनकडे जाताना एका इमारतीत वर. मी एकदा तिथल्या पायऱ्यांपर्यंत गेले. गाणी अशी लागलेली की शेजारच्या दुकानाचं शटर थरथरत होतं, आणि काचेतून एक मुलगा स्वतःच्याच दंडाकडे इतक्या मायेनं बघत होता की मलाच अवघडल्यासारखं झालं. उलट्या पावली परत आले. बाहेर चालायला जावं तर आषाढ लागलेला. आमच्याकडच्या पावसात छत्री म्हणजे हातात धरायची एक वस्तू, बाकी तिचा उपयोग नाही, आणि धुकं असं की समोरून येणारी गाडी अंगावर आल्यावरच कळते. तेव्हा जे काय करायचं ते या दोन खोल्यांतच.

मुलगी पुण्याला कॉलेजात. तिनं मला मोबाईलवर एक बाई लावून दिली. ती बाई हसत हसत उड्या मारते. तिच्या घरात भिंतीला ओल नाही, जमिनीवर गुळाचे डाग नाहीत आणि तिचं लिव्हर कुणाला नको आहे, मग हसायला काय जातंय. तरी मी तिच्या मागे उड्या मारल्या. भट्टीवरचे दोघे कारागीर पहिल्या दिवशी काय पडलं म्हणून धावत आले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. भिंतीला पाठ लावून खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं, पाण्याच्या बाटल्या भरून उचलायच्या, ओट्याला हात टेकून छाती खाली न्यायची, हे सगळं शिकले. पण खरा घाम निघायचा तो माळ्याच्या जिन्यावर.

लाकडी जिना, उभा, एका बाजूला कठडा. त्यावरून रोज गूळ-शेंगदाण्याची चढउतार व्हायची, ती कारागीर करायचे. मी एक गुळाची ढेप टॉवेलात बांधून छातीशी धरली आणि चढले, उतरले, पुन्हा चढले. जे खायचं बंद केलं होतं तेच उराशी धरून नाचवायचं. गुळाचा वास थेट नाकात. तिसऱ्या खेपेला पाय लटलटायला लागले आणि मी पायरीवर बसून रडले. दमले म्हणून नाही. हा जिना मी आजवर रोज बघत होते आणि माझ्यात एवढासुद्धा दम नाही हे मला माहीत नव्हतं, म्हणून.

चुरा बंद, साखर बंद, तेल थेंबाथेंबानं. महिन्याभरात गाल बसले, डोळ्यांखाली काळं आलं. मला वाटलं, काम होतंय. त्या अवतारात मी कार्ल्याला गेले आणि भाभीनं मला दारातच धरलं.

भाभी वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. आमच्या घरात मराठीच, नमाजापुरती अरबी आणि सिनेमापुरती हिंदी, आणि भाभीचं मराठी तर आतल्या गावाकडचं, पक्कं मावळी. ती म्हणाली, "आपा, ह्ये काय झालंय तुमचं? निस्ती हाडं राहिली."

"डॉक्टरनं सांगितलंय बारीक व्हायला."

"डागदर काय सांगत्यात. देनाऱ्याच्या अंगात बळ नको? आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुटून येनार?"

शेजारची मावशी मान हलवत होती. गावात सगळ्यांचं हेच मत पडलं होतं. बाळंतिणीला खाऊ घालतात, आजाऱ्याला खाऊ घालतात, आणि ही तर अंगातला तुकडा काढून देणार, हिला किती घालायला पाहिजे. मी चरबीचं समजावलं. भाभीनं सगळं ऐकून घेतलं आणि "व्हय व्हय" म्हणाली. तिला ते माझं मोठेपण वाटलं.

दोन दिवसांनी कार्ला फाट्यावरून येणाऱ्या सहा आसनी रिक्षावाल्याच्या हाती पहिला डबा आला. पाया. बकऱ्याच्या पायांचा रस्सा, वर तुपाचा थर. पुढे डिंकाचे लाडू, खीर, खिमा, पुन्हा पाया. मी भावाला फोन केला, म्हटलं, तिला आवर. तो म्हणाला, "आपा, माझं मीठ बंद केलंय ना. ती मला रोज अळनी रांधती. एवढी चव हाय तिच्या हाताला, ती जायची कुटं? घेत जा डबा. म्हागारी पाठवू नको."

आमच्याकडे भरला डबा परत पाठवणं म्हणजे नातं परत पाठवणं, आणि ज्या घरात मी लिव्हर घेऊन जाणार त्या घराला माझ्या मनाबद्दल शंका येऊ द्यायची नव्हती. मी डबे घेत गेले. आणि ते खाल्ले माझ्या नवऱ्यानं आणि दोघा कारागिरांनी. मी शेजारी बसून उकडलेला दुधी खायची आणि हे तिघं नळी ठोकून मगज काढायचे. नवऱ्याला महिन्याभरात पोट सुटलं. रिकामा डबा कधी पाठवू नये म्हणून मी धुऊन त्यात गुळाचा खडा टाकून पाठवायची. भाभीला वाटायचं, आपा सगळं खातायत.

आपा सगळं खातायत आणि तरी वाळत चालल्यात. हे गणित तिनं कसं मांडलं असेल ते माझ्या डोक्यात आलं नाही. यायला पाहिजे होतं, पण मी आपली जिन्यावर.

एका दुपारी ती स्वतःच लोणावळ्याला आली. पावसानं निथळत. चहा घेतला नाही, पदराचं टोक पिळत बसली. शेवटी म्हणाली, "आपा, रागावू नका. तुमी आधी तुमची तब्येत दाखवा कुनाला तरी."

"माझी? का?"

"एवढं खाऊन अंगाला लागंना, म्हंजी आत कायतरी हाय. उद्या त्ये त्यांच्या अंगात गेलं तर? मी त्यांना म्हनलं, आपांचं घ्यायचं न्हाई. नगं."

एका बाईनं माझ्यावर जीव ओवाळून डबे पाठवले, आणि त्याच डब्यांनी तिला शिकवलं की माझं लिव्हर विषारी आहे. मी काही बोलायच्या आत नवरा भट्टीवरून हात पुसत आत आला आणि म्हणाला, "वा, भाभी. परवाचा पाया काय झाला होता. मी दोन वाट्या रस्सा प्यालो."

मग आमचे चेहरे बघून त्याला काय ते कळलं. तो भट्टीकडे परत गेला.

भाभी म्हणाली, "तुमी खाल्ला न्हाई?"

"नाही."

"लाडू?"

"नाही."

"एक घास बी न्हाई?"

"एक घासही नाही. मला खायचं नाहीये, भाभी. तुझ्या नवऱ्यासाठी खायचं नाहीये."

तिचा चेहरा पडला. चोरी सापडल्यासारखी मी बसले होते, आणि अपमान झाल्यासारखी ती. दोघींचंही खरं होतं. मला एकदम त्या सगळ्याचाच संताप आला. मी उठले, ढेप टॉवेलात बांधली आणि तिच्यासमोर जिना चढायला लागले. वर, खाली, वर, खाली. पाठ भिजली, केस कपाळाला चिकटले, श्वास भात्यासारखा व्हायला लागला. ती आधी तोंडावर पदर धरून हसली, कारण मी दिसत असणारच तशी. मग हसायची थांबली. मग तिनं उठून माझ्या हातातली ढेप काढून घेतली आणि किती जड आहे ते स्वतः तोलून बघितलं.

"रोज?"

"रोज. पहाटे, फजरच्या नमाजानंतर."

जाताना ती रिकामे डबे पिशवीत घालून घेऊन गेली. "आता न्हाई पाठवनार," म्हणाली. तिचा हात आता पूर्ण रिकामा झाला हे मला तेव्हा जाणवलं, आणि वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नमाज आटोपून मी जिन्याशी आले तर फोन वाजला. भाऊ. भाभीनं त्याच्या खाटेशी फोन ठेवला होता. "आपा, ठिव फोन पायरीवर. मला ऐकू दे. मी तिकिटं फाडतो."

लहानपणी उन्हाळ्यात आम्ही दोघं करवंदं आणि जांभळं घेऊन मळवलीला लोकलमध्ये चढायचो आणि विकत विकत पुण्यापर्यंत जायचो. त्याला सगळी स्टेशनं तोंडपाठ, आणि तो ती गाडीतल्या लोकांच्या आधी ओरडायचा. आता त्यानं तेच सुरू केलं. जिन्याची एक चढउतार म्हणजे एक स्टेशन. मी लोणावळ्याहून सुटले की लाकडाच्या आवाजावरून तो ओळखायचा आणि फोनमधून त्याचा बारीक आवाज यायचा: "मळवली." पुढची खेप. "कामशेत. उतरनाऱ्यांना आधी उतरू द्या." कान्हे, वडगाव, तळेगाव. घोरावाडीला मी कठडा धरायची. "आपा, हितं गाडी थांबत न्हाई जास्त येळ. चला." पिंपरी-चिंचवडला माझ्या तोंडाला फेस यायचा आणि तो म्हणायचा, "गर्दी लय हाय." शिवाजीनगर आलं की आवाज चढायचा. "पुनं आलं. उतर आता."

पुण्यालाच ते हॉस्पिटल होतं. आम्ही दोघांनी कधी तसं म्हटलं नाही, पण ती गाडी कुठे चालली होती हे आम्हाला माहीत होतं.

पहिल्या दिवशी मी खडकीला कोलमडले. पंधरा दिवसांनी पुण्याला पोचून परतीची गाडी धरायला लागले. कारागीर पहाटेच यायचे, तेसुद्धा मळवली-मळवली करायला लागले. सगळ्या त्या वाईट दिवसांत एवढाच वेळ असा होता की आम्ही हसायचो. भाभी मागे कुठेतरी असायची. तिच्या भांड्यांचा आवाज यायचा, अळणी काहीतरी शिजत असायचं.

भाद्रपद सरत आला असेल. मी तळेगाव ओलांडलं होतं. ढेप छातीशी, पाय सरावलेले, मनात त्या दिवशीच्या ऑर्डरचा विचार. वरून खाली आले तर फोनमधून आवाज आला, "कामशेत."

मला वाटलं, गंमत करतोय. म्हटलं, "अरे, कामशेत गेलं."

"कामशेत," तो म्हणाला. पुढच्या खेपेला कान्हे म्हणाला, वडगाव म्हणाला, तळेगाव म्हणाला, आणि पुन्हा कामशेत. आवाज शांत होता. त्याला काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, रक्तातलं विष डोक्यात चढलं की माणूस गोंधळतो, तसं झालं तर लगेच घेऊन या. मी ओरडून भाभीला फोन घ्यायला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी चढत राहिले. तो तळेगावला आला की मी मनात म्हणायची, आता घोरावाडी, म्हण, घोरावाडी. तो म्हणायचा, कामशेत. माझे पाय थकत नव्हते. तेव्हाच कळलं मला की मी धडधाकट झाले आहे. कितीही वेळ चढू शकले असते. गाडी मात्र तळेगावच्या पुढे जात नव्हती. मग भाभीच फोनवर आली आणि म्हणाली, "आपा, ह्ये असं का बोलत्यात?"

त्याच सकाळी त्याला पुण्याला नेलं. औषधं चढवली, डोकं ताळ्यावर आलं. त्याच आठवड्यात माझी तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मला माझं लिव्हर दाखवलं. मला त्यातलं काही कळलं नाही, पण त्या हसत होत्या. "छान उतरलीय चरबी. घेता येईल आता. घरीच केलंत हे सगळं?" मी वरच्या मजल्यावर भावाकडे गेले, लिफ्टची वाट न बघता, पायऱ्यांनी. त्याच्या कानाशी वाकून सांगितलं, जमलं रे. त्यानं डोळे उघडले. पिवळे, पण ओळख असलेले. म्हणाला, "लय बारीक झालीस आपा."

तारीख ठरायची होती. त्याआधी त्याच्या पोटातल्या पाण्यात जंतू झाले, मग छातीत उतरले. डॉक्टर म्हणाले, हे निवळल्याशिवाय टेबलावर घेता येणार नाही. आम्ही वाट बघत बसलो. मी त्या खुर्चीवर तयार बसले होते, अगदी तयार, उपाशीपोटीसुद्धा, कुणी हाक मारली तर लगेच आत जाता येईल म्हणून. कुणी हाक मारली नाही. जे निवळायचं ते निवळलं नाही, आणि एका सकाळी तो गेला.

त्यानंतर मला जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही. देवावर नाही, डॉक्टरांवर नाही. या अंगावर. हे अंग दुसऱ्या दिवशीही फजरला आपोआप उठलं, त्याचे पाय आपोआप जिन्याकडे गेले. एक खेप केली. मळवली म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून खालच्या पायरीवर बसून राहिले. ऑर्डर दिलेलं गिऱ्हाईक आलंच नाही की बांधलेलं खोकं काउंटरखाली पडून राहतं, तसं हे माझं स्वच्छ लिव्हर माझ्याजवळच पडून राहिलं.

मयतीनंतर तीन दिवस त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारच्या घरांतून आणि आमच्याकडून डबे जायचे. भाभी पुढ्यातलं ताट बोटानं इकडून तिकडे करायची. मी तिला "खा" म्हटलं नाही. ते म्हणायचा हक्क मला नव्हता.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मात्र तिनं सगळं स्वतः रांधलं. कुणाला हात लावू दिला नाही. भावाला आवडायचा म्हणून पाया, भाकरी, भात. ताट वाढून ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "आपा, आता खायाला काय हरकत न्हाई ना?"

मी म्हटलं, "नाही."

पहिला घास घेतला. रस्सा दाट, मसाला भाजलेला, हाड मऊ शिजलेलं, तिच्या हाताची जी काय कीर्ती माझा नवरा सांगायचा ती सगळी त्यात होती. फक्त मीठ नव्हतं. विसरली नव्हती ती. चूल पेटली की हात मिठाच्या डब्याला टाळून पुढे जायचा, एवढंच तिच्या हातांना इतक्या महिन्यांत ठाऊक उरलं होतं.

मी आजूबाजूला पाहिलं. नवरा मान खाली घालून जेवत होता, दोन वाट्या रस्सा पिणारा माझा नवरा. पलीकडे गावातली माणसं, मावशी, पोरं. सगळ्यांच्या जिभेला कळलं होतं. कुणी मीठ मागितलं नाही. जेवून उठताना लोक म्हणाले, "चांगलं झालं होतं."

भाभी सगळ्यांच्या मागून माझ्याशेजारी बसली. एक घास तोंडात घातला आणि थांबली. भिंतीकडे बघत राहिली, मग माझ्या ताटाकडे. ते पुसल्यासारखं रिकामं होतं.

"आपा," ती म्हणाली, "ह्ये अळनी हाय."

"चांगलं झालंय," मी म्हटलं. "अजून वाढ."

तिनं वाढलं. मी तेही खाल्लं.